बॅटरी ‘पूर्ण उतरवून भरा’ हा सल्ला आता छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉपची बॅटरी जास्त दिवस कशी टिकवावी, यावरचा मजकूर कुठल्या ना कुठल्या पुरवणीत अधूनमधून येतच असतो. त्यातला एक सल्ला मात्र काही केल्या हटत नाही. नवा लॅपटॉप आणला की आधी आठ तास चार्जिंगला लावा, मग दर वेळी बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि पुन्हा काठोकाठ भरा, असे त्यात सांगितलेले असते. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि आजचे लॅपटॉप तिच्यावर, किंवा चपट्या पाकिटात बसवलेल्या तिच्याच लिथियम-पॉलिमर या प्रकारावर चालतात. अर्धवट उतरवून भरल्याने तिचे काही बिघडत नाही. बिघडते ते रोज शून्यावर नेल्याने आणि त्याहूनही जास्त, रोज शंभरावर गरम ठेवल्याने. छापील यादीत पहिल्या क्रमांकावर यायला हवे ते हे, आणि नेमके हेच गाळलेले असते.

कारण थोडक्यात असे. बॅटरीचा पॅक अनेक सेल, म्हणजे छोटे घटक, जोडून बनतो. साधा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो आणि साधारण ३ व्होल्टला रिकामा धरला जातो. नव्या चपट्या सेलमध्ये वरचा आकडा ४.३५ ते ४.४५ पर्यंतही जातो. वरच्या टोकाला आतले रसायन सर्वांत अस्थिर असते. आतला द्रव म्हणजे इलेक्ट्रोलाइट विघटित होत राहतो, ऋण टोकाच्या ग्रॅफाइटवरचा पातळ थर जाड होत जातो आणि त्या थरात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकते. अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. क्षमता घटते ती अशी. बॅटरी वापरा किंवा नुसती ठेवा, ही झीज चालूच राहते. तापमान वाढले की तिचा वेग वाढतो. म्हणून पूर्ण भरलेली आणि गरम, ही दोन्ही एकत्र आली की बॅटरीचे वय सर्वांत लवकर होते. चार्जर कायम जोडून जड काम केले जाणाऱ्या लॅपटॉपची हीच अवस्था असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चार्जर लावून ठेवला की बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होते, ही भीती निराधार आहे. बॅटरी भरली की चार्जिंगचे सर्किट प्रवाह बंद करते आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. तेव्हा रात्रभर चार्जर राहिला म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. नुकसान होते ते महिनोन्महिने वरच्या व्होल्टवर बसून राहिल्याने. त्यावर उपाय म्हणून दर तासाला प्लग काढा-घाला करण्याचीही गरज नाही, कारण बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय लॅपटॉपमध्येच दिलेली असते. ती सुरू करणे हे एकच काम कोणी केले, तरी बाकीच्या दहा युक्त्यांपेक्षा जास्त फायदा होतो.

ही सोय प्रत्येकाने वेगळ्या नावाने लपवली आहे, हीच काय ती अडचण. लेनोवोच्या आयडियापॅडमध्ये ‘व्हँटेज’ या ॲपच्या पॉवर विभागात ‘कन्झर्वेशन मोड’ मिळतो. जुन्या मॉडेलांत तो ६० टक्क्यांच्या आसपास थांबतो, नव्यांत ८० च्या. थिंकपॅडमध्ये कितीला चार्जिंग सुरू व्हावे आणि कितीला थांबावे, हे दोन्ही आकडे देता येतात. असुसच्या ‘मायअसुस’मध्ये ‘बॅटरी केअर’ असते. डेलमध्ये सुरू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जावे आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘प्रायमरिली एसी युज’ निवडावे, किंवा ‘कस्टम’ घेऊन सुरुवात ५० आणि शेवट ८० असा द्यावा. एचपीच्या कार्यालयीन मॉडेलांत एफ-१० ने बायोस उघडते. तिथे ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’ शोधावा. एसरमध्ये ‘केअर सेंटर’ किंवा नव्या यंत्रांत ‘एसरसेन्स’ हे ॲप असते. मॅकबुकमध्ये ‘ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग’ वापरणाऱ्याची सवय ओळखून ८० वर थांबते आणि गरजेच्या वेळेआधी उरलेले भरते. लिनक्सवर ‘टीएलपी’ हा छोटा प्रोग्रॅम बऱ्याच मॉडेलांत हे काम करतो.

सोय सुरू केल्यावर एक लक्षात असू द्यावे. मर्यादा अनेकदा यंत्राच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आत कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, नोंदली जाते. नंतर विंडोज नव्याने टाकले की ॲप जाते, मर्यादा मात्र राहते. मग ‘बॅटरी ६० च्या वर चढतच नाही, खराब झाली’ म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला येतो. बॅटरी बदलण्याआधी कंपनीचे ॲप पुन्हा टाकून किंवा बायोसमध्ये डोकावून पाहावे. लेनोवोमध्ये ‘रॅपिड चार्ज’ आणि ‘कन्झर्वेशन’ एकाच वेळी चालत नाहीत, तेव्हा एक सुरू केले की दुसरे बंद पडणारच.

प्रवास आहे, दिवसभर प्लग मिळणार नाही, अशा वेळी खुशाल मर्यादा काढावी आणि शंभर टक्के भरावे. काही तास वर राहिल्याने काहीही होत नाही. निघण्याच्या थोडे आधी भरले की झाले. मर्यादेची सोयच नसलेल्या जुन्या यंत्रात दिवसातून एकदा चार्जर काढून बॅटरी चाळीस-पन्नासपर्यंत उतरू द्यावी. हा दुय्यम उपाय झाला, पण कायम शंभरावर ठेवण्यापेक्षा बरा.

‘सायकल’ मोजण्याबाबतही गोंधळ दिसतो. चार्जर एकदा लावला म्हणजे एक सायकल झाली, असे नसते. एकूण १०० टक्के वापर म्हणजे एक सायकल. आज ५० टक्के वापरून भरली आणि उद्या पुन्हा ५०, तर दोन दिवसांची मिळून एक. साधारण लॅपटॉप बॅटरी ३०० ते ५०० सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते; काही कंपन्या १,००० सायकलींचे माप देतात. त्यामुळे वारंवार थोडे थोडे भरण्याला घाबरू नये. ४० वरून ७५, पुन्हा ५० वरून ८०, असे बॅटरीला उलट मानवते.

आता उष्णता. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी मनगट टेकतो त्या भागाखाली असते आणि प्रोसेसर वरच्या बाजूला, बिजागरीकडे. पंखा हवा खालून ओढतो आणि मागून किंवा बाजूने फेकतो. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या पांघरुणावर लॅपटॉप ठेवला की खालची जाळी बंद होते आणि ती उष्णता पूर्ण तळाला पसरते. कडक सपाट पृष्ठभाग हवा. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तर आणखी चांगले. पंख्यामागच्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर साचतो. पूर्वी शांत असणारा पंखा साध्या कामातही घोंगावू लागला, की तो थर साचला असे समजावे. तळ उघडून, पंखा बोटाने किंवा काडीने धरून, मग हवेचा फवारा मारावा. पंखा न धरता हवा मारली तर तो प्रमाणाबाहेर वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग जाते.

खेळ, व्हिडिओ एडिटिंग अशी जड कामे करताना चार्जर लावलेलाच असावा, पण बॅटरी त्याच वेळी भरली जात नसावी. म्हणजे ८० ची मर्यादा असावी आणि तेवढी ती आधीच भरलेली असावी. चार्जिंगची उष्णता आणि प्रोसेसरची उष्णता एकत्र आली की पॅक सर्वांत जास्त तापतो. जलद चार्जिंगचेही तसेच. घाई असेल तेव्हा वापरावे, रात्रभर वेळ हाताशी असताना ते बंद ठेवावे. उन्हात बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नये, हे सांगायला नको. दुसऱ्या टोकाला, शून्य अंशाखाली थंड झालेली बॅटरी चार्ज करू नये. त्या तापमानाला लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू म्हणून साचते, आणि ते नुकसान भरून येत नाही. बॅटरी फ्रिजरमध्ये ठेवून ‘जिवंत’ करण्याची युक्तीही निरर्थक आहे. वर आत दव धरते ते वेगळेच.

झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप तासाभराने भाजणारा निघतो, ही तक्रार अलीकडे फार वाढली आहे. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये झोपेची जुनी पद्धत काढून ‘मॉडर्न स्टँडबाय’ आणलेली आहे. तीत यंत्र फोनसारखे अर्धवट जागे राहते, नेटवरून काही ना काही ओढत राहते, आणि एखादा प्रोग्रॅम अडला की बंद बॅगेत प्रोसेसर तापत राहतो. बॅटरी उतरते ती उतरते, शिवाय भाजून निघते. उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘झाकण मिटल्यावर काय करावे’ या ओळीत ‘हायबरनेट’, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद करणे, निवडावे. उघडल्यावर काही सेकंद जास्त लागतात, तेवढीच किंमत.

बॅटरीची खरी अवस्था पाहायला कुठलेही बाहेरचे ॲप लागत नाही. विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत रोमन अक्षरांत ‘सीएमडी’ टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. तिथे रोमन अक्षरांतच सलग ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून सलग ‘बॅटरीरिपोर्ट’ असे लिहून एंटर दाबावे. फाइल कुठे ठेवली ते पडद्यावर दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडावी. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलिवॅट-अवरमध्ये असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ४१,००० असेल, तर बॅटरी ८२ टक्के उरली आहे. नव्या बॅटरीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा किंचित जास्त दिसला तरी ती चूक नव्हे. सायकलींचा आकडा काही कंपन्या देत नाहीत, तिथे रेघ दिसते. मॅकमध्ये ऑप्शन बटण दाबून सफरचंदाच्या मेनूतून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडावे. ‘पॉवर’खाली सायकली आणि अवस्था दोन्ही मिळतात.

८० च्या खाली आकडा गेला म्हणजे लगेच बॅटरी बदला, असे नाही. काम भागते आहे तोवर चालवावी. सत्तरच्या खाली गेली आणि घसरण वेगाने होऊ लागली, की नवीचा विचार करावा.

टक्के ३० दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडतो, तेव्हा दोन शक्यता असतात. एक, बॅटरीतल्या मापक चिपचा हिशेब चुकला आहे. हा चिप आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून टक्के काढतो; महिनोन्महिने बॅटरी एकाच पट्ट्यात फिरली तर त्याचा अंदाज सरकत जातो. ‘पूर्ण उतरवा’ या सल्ल्याला जागा आहे ती फक्त इथे, तीही दोन-तीन महिन्यांतून एकदा. मर्यादा काढून शंभरापर्यंत भरावे, वर आणखी दोन तास जोडून ठेवावे, मग चार्जर काढून नेहमीच्या कामावर पाच टक्क्यांपर्यंत उतरू द्यावे आणि न थांबता पुन्हा शंभरापर्यंत भरावे. यानंतर मर्यादा परत लावावी. यामुळे क्षमता वाढत नाही, फक्त आकडा खरा होतो. दुसरी शक्यता अशी की, एक सेल इतरांपेक्षा जास्त झिजला आहे आणि भार पडताच त्याचे व्होल्टेज कोसळते. हे सगळे करूनही तीस टक्क्यांवरच यंत्र बंद पडत असेल तर तीच शक्यता धरावी.

एका चार्जवर किती तास मिळावेत, हा प्रश्न टिकाऊपणाशी जोडलेला आहे, कारण कमी वीज खाल्ली की सायकली कमी होतात आणि उष्णताही कमी होते. हिशेब शाळेतला आहे. बॅटरी ५० वॅट-अवरची आणि यंत्र सरासरी ७ वॅट खात असेल, तर सुमारे सात तास मिळतात. १४ वॅट खाल्ले की साडेतीन. लिहिणे-वाचणे अशा हलक्या कामात सर्वांत मोठा वाटा पडद्याचा असतो, तेव्हा प्रकाश आधी कमी करावा. पडदा १२० किंवा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा, असेल तर बॅटरीवर असताना ६० वर आणावा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात एखादा प्रोग्रॅम ते कार्ड विनाकारण जागे ठेवतो आणि एकट्याने कित्येक वॅट खातो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमला ‘पॉवर सेव्हिंग’ लावावे. काळ्या थीमने वीज वाचते ती ओलेड पडद्यावर, कारण त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. साध्या एलसीडीत मागचा दिवा तेवढाच जळतो. वायफाय-ब्लूटूथ बंद करून मिळणारी मिनिटे मात्र मोजायच्या लायकीची नसतात. तो सल्ला यादी लांबवण्यापुरता.

चार्जर किती वॅटचा, हेही पाहावे. ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला ४५ चा लावला तर जड कामाच्या वेळी तूट बॅटरीतून भरली जाते. म्हणजे प्लग लावलेला असूनही बॅटरी झिजत असते. जास्त वॅटचा, योग्य यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरी चार्जर मात्र चालतो, कारण लॅपटॉप लागेल तेवढेच घेतो. यूएसबी-सी केबल साधी ३ अँपिअरची असेल तर ६० वॅटच्या वर वीज येणार नाही, मग चार्जर कितीही मोठा असो.

महिना-दोन महिने लॅपटॉप वापरायचा नसेल तर बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून यंत्र पूर्ण बंद करावे, स्लीपमध्ये नव्हे, आणि थंड-कोरड्या जागी ठेवावे. दर तीन महिन्यांनी पाहून २०-३० वर आले असेल तर पुन्हा ५० पर्यंत भरावे. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की सेल हळूहळू सुरक्षित पातळीखाली जातात आणि संरक्षक सर्किट पॅक कायमचा तोडून टाकते.

फुगलेल्या बॅटरीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे. चपट्या सेलमध्ये विघटनातून वायू साचतो आणि पाकीट फुगते. पहिली खूण टचपॅडवर दिसते: त्याची खालची कड किंचित वर येते, किंवा क्लिक दाबलेच जात नाही. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून कोपऱ्याला बोट लावावे; पूर्वी स्थिर असणारे यंत्र डुगडुगले, किंवा मिटलेल्या झाकणाच्या मध्ये फट दिसली, तर बॅटरी फुगली असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी चार्जर ताबडतोब काढावा, यंत्र बंद करावे, पुन्हा चार्ज करू नये. तळ दाबून बसवू नये. टाचणीने वायू काढण्याचे व्हिडिओ दिसतात. ते करणे म्हणजे आगीला आमंत्रण. पॅक जाणकार दुरुस्तीवाल्याकडून लगेच काढून घ्यावा आणि तोवर यंत्र कागद-कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवावे. ‘अजून चालतेय की’ म्हणून वापर सुरू ठेवणारे पुष्कळ. फुगलेला पॅक टचपॅड आणि कीबोर्ड दोन्ही वाकवतो, आणि मग खर्च बॅटरीपुरता राहत नाही.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नये. एकाच मॉडेलात तीन सेलची आणि चार सेलची अशा दोन बॅटऱ्या येतात. कनेक्टर आणि स्क्रूच्या जागा वेगळ्या असतात. जुन्या पॅकवरच्या लेबलाचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-अवर तिन्ही जुळवावे. ११.१ व्होल्टच्या जागी १४.८ चा पॅक कधीही नको. लेबलावर उत्पादनाची तारीख असल्यास पाहावी, कारण गोदामात पडलेली बॅटरीही म्हातारी होते. बसवण्यापूर्वी जुनी २५ टक्क्यांच्या खाली उतरवावी, यंत्र बंद करून चार्जर काढावा आणि तळ उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. तारा ओढू नयेत, प्लगच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी लावून सरकवावा. पॅक चिकटपट्टीने डकवलेला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. पाकिटाला टोचा बसला की धूर निघायला क्षण पुरतो. नवी बसवल्यावर त्याच दिवशी वर सांगितलेला अहवाल काढावा. छापील वॅट-अवर आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ यांत मोठी तफावत दिसली तर परत करण्याची मुदत संपण्याआधीच ती परत करावी. काढलेल्या जुन्या पॅकच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा, घरच्या कचऱ्यात टाकू नये.

आपला,
लॅपटॉप दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक